बैठी नोकरी आणि देहाचे देणे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संस्थेच्या चिटणिसांनी ह्या व्याख्यानाचे आमंत्रण दिले, तेव्हा मी त्यांना प्रांजळपणे सांगितले की, मी वैद्य नाही आणि व्यायामपटू तर नाहीच नाही. मी उभी हयात खर्डेघाशीत घालविली. ‘उभी हयात’ असे आपण सवयीने म्हणतो, पण माझी हयात खरे पाहता बसूनच गेली. चिटणीस हसून म्हणाले, “म्हणूनच तुम्ही बोलावे.” त्यांच्या ह्या उत्तरापुढे मला नकार देता आला नाही.

आपल्या ज्ञातीत लेखणीवर पोट भरणारी घरे पुष्कळ. आजोबा कचेरीत, वडील बँकेत किंवा विमा कंपनीत, आणि मुलगा वा सून संगणकापुढे, अशी तीन पिढ्यांची परंपरा ह्या सभागृहातील अनेकांना आपल्या घरात दिसेल. लेखणी गेली, टंकलेखनयंत्र आले. तेही गेले, संगणक आला. साधने बदलली, बैठक मात्र बदलली नाही. ह्या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. परंतु दरवर्षी आपल्या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर दिवंगत ज्ञातिबांधवांची नावे छापली जातात. ती वाचताना ऐंशी-पंचाऐंशीच्या वडीलधाऱ्यांना आपण मनोमन नमस्कार करतो आणि पुढे जातो. पण मधेच एखादे नाव पंचेचाळिशीचे किंवा पन्नाशीचे येते आणि बोट तेथेच थबकते. आज मी जे बोलणार आहे ते ह्या थबकलेल्या बोटाविषयी आहे.

प्रथम मी माझा एक अपराध सांगतो. नोकरीच्या मध्यावर मी एका कार्यालयात शाखाप्रमुख झालो. आमच्याकडे ‘काम करणे’ आणि ‘जागेवर असणे’ ह्या दोन गोष्टी एकच मानल्या जात. वरिष्ठांचा दूरध्वनी आला की पहिला प्रश्न असे, “अमुक जागेवर आहेत काय?” जागेवर नसलेला मनुष्य कामचुकार, हा आमचा सिद्धान्त होता. माझ्या हाताखाली एक सहकारी होते. ते सकाळी दहाला खुर्चीत बसत ते सायंकाळी दिवा लागेपर्यंत. डबाही मेजावरच सोडीत. पाणी हवे असले तर पट्टेवाल्यास हाक मारीत. त्यांच्या गोपनीय अहवालात मी सतत तीन वर्षे ‘नेहमी जागेवर असतात’ असा प्रशंसेचा शेरा लिहिला.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते सावरले आणि तीन महिन्यांनी कामावर रुजू झाले. डॉक्टरांनी त्यांना अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालण्यास सांगितले होते. आमच्या शाखेची रीत त्यांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी त्यासाठी माझ्याकडे रीतसर लेखी अर्ज केला. ‘दर तासाला पाच मिनिटे जागा सोडण्याची परवानगी मिळावी’ एवढाच त्याचा आशय. मी त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला. आपल्यापैकी ज्यांनी कचेरी पाहिली आहे त्यांना ह्या दोन शब्दांचा अर्थ मी सांगावयास नको. चर्चा झाली नाही. अर्ज फायलीत राहिला आणि ते गृहस्थ खुर्चीत राहिले. दोन वर्षांनी दुसरा झटका आला आणि ते गेले.

ते उठून चालले असते तर वाचले असते, असे मी म्हणत नाही. ते कोणालाही निश्चयाने सांगता येणार नाही. पण त्या अर्जावर ‘मंजूर’ असे लिहिण्यास मला एक क्षणही लागला नसता. तो क्षण मी दिला नाही, ही बोचणी माझ्याजवळ राहिली. निवृत्तीनंतर ह्या विषयाचे जे वाचन मी केले त्याचे मूळ त्या अर्जात आहे.

बैठ्या कामाचे दुष्परिणाम ही आधुनिक काळाने काढलेली शंका नव्हे. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतील लोकांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण घातले. लेखनिकांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणे दिली: सततचे बसणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या संगणकचालकालाही जशीच्या तशी लागू पडते.

तथापि हे आकड्यांनी दाखवून देण्याचे श्रेय डॉ. जेरेमी मॉरिस यांच्याकडे जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकार झपाट्याने वाढत होता आणि त्याचे कारण उमगत नव्हते. मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांकडे लक्ष वळविले. मुंबईकरांना दुमजली बस नवी नाही. बेस्टच्या ताफ्यात ती १९३७ साली आली. अशा गाडीवर दोन माणसे असतात. चालक दिवसभर बसून असतो. वाहक दिवसभर जिना चढतो-उतरतो. लंडनचा वाहक दिवसाकाठी पाच-सहाशे पायऱ्या चढत असे. दोघांचा मालक एक, रस्ता एक, राहणीमानही बरेचसे सारखे. सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी करून १९५३ साली मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला: वाहकांत हृदयविकार कमी आढळतो, आणि जो आढळतो तो उतारवयात व सौम्य रूपात. पुढे टपालखात्यातही तेच दिसले. पायी किंवा सायकलवर फिरणारे पोस्टमन हे त्याच खात्यातील कारकुनांपेक्षा व दूरध्वनीचालकांपेक्षा सुरक्षित होते.

शास्त्रज्ञाची खरी कसोटी तो स्वतःच्या निष्कर्षावर शंका घेतो की नाही ह्यात असते. लठ्ठ माणसेच चालक होत असतील तर? म्हणून मॉरिस यांनी १९५६ साली ह्या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे पाहिली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच अधिक निघाला. परंतु सडपातळ चालक आणि सडपातळ वाहक, स्थूल चालक आणि स्थूल वाहक अशा जोड्या लावून पाहिल्या, तरी वाहकांचे पारडे जडच राहिले. हे मॉरिस १९१० साली जन्मले आणि २००९ साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी वारले.

हे वाचले तेव्हा मला आमच्या कार्यालयातील पट्टेवाला आठवला. तोच आमचा वाहक होता. फायली घेऊन तीन मजले चढणे-उतरणे त्याच्या नशिबी, आणि ते आम्ही हलके काम समजत होतो. आता तर फाईलच संगणकावरून जाते. पूर्वी कारकून निदान जुने कागद काढण्यासाठी दप्तरखान्यापर्यंत जात असे. शेजारच्या शाखेत काही विचारावयास जात असे. आता पट्टेवाल्याचे चालणे संपले आणि आपलेही. राज्यशासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. एक दिवसाची सुट्टी वाढली हे उत्तमच. परंतु त्याबरोबर उरलेल्या पाच दिवसांची कामाची वेळ, म्हणजे दररोजची बैठक, लांबली, हेही ध्यानात घ्यावे.

बसल्याने शरीरात नेमके बिघडते काय? आपल्या मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू हे देहातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी होत. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर वापरण्याचे मोठे काम तेच करतात. मनुष्य बसला की हे स्नायू जवळजवळ निश्चेष्ट होतात आणि साखर रक्तातच अधिक काळ रेंगाळते. शिवाय पोटऱ्यांचे स्नायू चालताना आकुंचन पावून पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. ते कामही थंडावते. पाठीचा कणा व मान एकाच वाकड्या स्थितीत तासन्तास राहिल्याने आखडतात, ते तर आपण रोज अनुभवतोच. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ साली एक छोटा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. एकोणीस स्थूल प्रौढांना त्यांनी गोड पेय देऊन पाच तास बसविले. दुसऱ्या एका दिवशी त्यांनाच दर वीस मिनिटांनी उठवून अवघी दोन मिनिटे चालविले. ह्या दुसऱ्या दिवशी रक्तातील साखरेची चढण सुमारे चतुर्थांशाने कमी भरली. संथ चालण्यानेही हे साधले. दोन मिनिटांची किंमत एवढी आहे.

येथे काही मंडळी मनात म्हणतील, “मी सडपातळ आहे, मला कसली भीती?” त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन लक्षात ठेवावे. उंची-वजनाचे प्रमाण एका भारतीयाचे व एका इंग्रजाचे अगदी सारखे असूनही भारतीयाच्या शरीरात चरबी दुपटीहून अधिक निघते, हे त्यांनी २००४ साली स्वतःच्या व एका इंग्रज सहकाऱ्याच्या उदाहरणाने दाखवून दिले. वरून कृश व आतून स्थूल, अशी आपली ठेवण आहे. महाराष्ट्रासह देशातील चार प्रदेशांच्या पाहणीचा जो अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात शेकडा ५४ माणसे निष्क्रिय आढळली. शहरांत तर शेकडा ६५. हौसेने व्यायाम करणारे शेकडा दहासुद्धा नव्हते.

दुसरे काही म्हणतील, “मी पहाटे उठून फिरून येतो, मग दिवसभर बसलो तर काय बिघडले?” हा प्रश्न रास्त आहे. दहा लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून २०१६ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचे उत्तर असे: दिवसाकाठी आठ तासांहून अधिक बसणाऱ्याने त्या बसण्याची पुरती भरपाई करावयाची तर रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटे झपझप चालण्यासारखा व्यायाम हवा. जो तो करतो त्याला माझा नमस्कार. परंतु लोकलने दीड तास येऊन दीड तास परत जाणाऱ्या किती जणांना हा तास-सव्वा तास सापडतो? आणि आपल्या नोकरी करणाऱ्या भगिनींचे काय? त्या पहाटे ओट्यापाशी उभ्या, दिवसभर मेजापाशी बसलेल्या आणि सायंकाळी पुन्हा ओट्यापाशी. “घरी जाऊन व्यायाम करा” हा उपदेश ज्याच्या घरी स्वयंपाक दुसरे कोणी करते त्यालाच सुचतो. म्हणून माझे म्हणणे असे की, जे देणे कचेरीत साचते त्याचा काही भाग कचेरीतच फेडला पाहिजे.

सभ्य गृहस्थहो, मी आता बराच वेळ बोलत आहे आणि आपण बराच वेळ बसून आहात. अध्यक्षांच्या अनुमतीने माझी विनंती आहे की, सर्वांनी दोन मिनिटे उभे राहावे. ज्यांना गुडघ्यांचा किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे त्यांनी बसल्या जागी पाय सरळ करून घोटे फिरवावेत. बाकीच्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरून दहा वेळा टाचा उचलाव्यात, खांदे मागे फिरवावेत आणि मग बसावे.

(येथे अध्यक्षांसह सर्व श्रोते उभे राहिले.)

आभारी आहे. पहिल्याने जे हसू आले ते ओशाळेपणाचे होते आणि बसताना जे आले ते समाधानाचे, हे मी येथून पाहिले. ह्या ओशाळेपणातच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. व्यायामाची वाण आपल्या भूमीला कधीच नव्हती. तालीम आहे, मल्लखांब आहे, दंड-बैठका आहेत. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घरोघरी व शाळाशाळांतून पोहोचविण्यासाठी आयुष्य वेचले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ पासून कार्य करीत आहे. परंतु आपल्या रीतीत व्यायामाची वेळ स्नानापूर्वीची, पोट रिकामे असतानाची आणि अंगावर मोजके कपडे असतानाची. कचेरी जेवणानंतरची आणि इस्त्रीच्या सदऱ्याची. व्यायाम आणि कचेरी ह्यांची आपल्याकडे कधी गाठच पडली नाही. म्हणून कचेरीत हात वर केला तरी आपल्याला आगळीक केल्यासारखे वाटते.

जपानने ही गाठ घालून दिली. तेथे १ नोव्हेंबर १९२८ पासून नभोवाणीवरून व्यायामाचे कार्यक्रम सुरू झाले. ते सुरू करण्यात पुढाकार होता टपालखात्याच्या विमा विभागाचा, आणि कल्पना घेतली होती अमेरिकेतील एका विमा कंपनीकडून. विमेदार दीर्घायुषी झाला तर विमा उतरविणाऱ्याचाही लाभ, हा व्यवहार त्यात होता, आणि तो लपविण्याचे कारण नाही. महायुद्धानंतर हे कार्यक्रम बंद पडले. १९५१ साली नव्या स्वरूपात पुन्हा सुरू झाले. पियानोच्या सुरावर तेरा हालचाली आणि वेळ सुमारे तीन मिनिटे. अंगावर कामाचेच कपडे, सतरंजी नको, घाम नाही. अनेक कारखान्यांत व कंपन्यांत कामाच्या आरंभी मालकापासून मजुरापर्यंत सारे एकत्र उभे राहतात. ह्यातले इंगित हालचालींत नाही, ‘सारे एकत्र’ ह्यात आहे. साहेब स्वतः उभा राहिला की ओशाळेपणा उरत नाही.

आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. केंद्रशासनाच्या आयुष मंत्रालयाने कचेऱ्यांसाठी पाच मिनिटांचा योगक्रम तयार केला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो भ्रमणध्वनीवरही उपलब्ध करून दिला. ताडासन, स्कंधचक्र, कटिचक्रासन, अर्धचक्रासन, नाडीशोधन, भ्रामरी असा तो क्रम आहे. तो चांगला आहे. परंतु बहुतेक ठिकाणी आपण काय पाहतो? २१ जूनला कचेरीत सतरंज्या अंथरल्या जातात, छायाचित्रे निघतात, आणि २२ जूनला साहेब पुन्हा विचारतात, “अमुक जागेवर का नाहीत?” एक दिवसाचा योग आणि उरलेल्या वर्षाची बैठक!

कोणता उपाय टिकतो ह्याचाही अभ्यास झाला आहे. इंग्लंडमधील लेस्टर येथील रुग्णालयांच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला; त्याचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींना वरखाली करता येणारी मेजे दिली. पण नुसती मेजे दिली नाहीत; माहिती दिली, भिंतीवर फलक लावले, मधूनमधून विचारपूस केली. वर्षअखेरीस त्यांचे कामाच्या दिवशीचे बसणे इतरांच्या मानाने सुमारे ८३ मिनिटांनी कमी झाले. मेज महाग असते. विचारपुशीला पैसा पडत नाही.

ह्याचा अर्थ दिवसभर उभे राहावे असा मात्र कोणी करू नये. सतत उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात, कंबर धरते. कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी केरळात लढा दिला आणि २०१८ साली तेथे कायद्याने त्यांना बसण्याचा हक्क मिळाला. कारकुनाला उठण्याचा हक्क हवा, विक्रेतीला बसण्याचा. दोन्हींचे मूळ एकच: देहाला एकाच स्थितीत कोंडून ठेवू नये.

मग कचेरीत प्रत्यक्ष करावे काय? अर्ध्या तासाने एकदा उठावे. ते न जमल्यास तासाने तरी. पाण्याचा तांब्या मेजावर न ठेवता दूर ठेवावा. शेजारच्या शाखेशी दूरध्वनीवर न बोलता जाऊन बोलावे, आणि जो दूरध्वनी घ्यावाच लागतो तो उभ्याने घ्यावा. डबा मेजावर खाऊ नये. खाऊन झाल्यावर दहा मिनिटे शतपावली करावी. दोन मजल्यांसाठी उद्‍वाहकाची वाट पाहू नये. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठावे व बसावे. ही आपली जुनी बैठकच आहे, फक्त सभ्य वेषातली. ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा वा सांध्यांचा विकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारून प्रमाण ठरवावे. आणि ह्या सर्वांवर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण, म्हणजे आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, जमेल तितके साधावे. थोडेसेही केलेले व्यर्थ जात नाही.

परंतु माझे शेवटचे निवेदन कारकुनांना नाही, त्यांच्या वरिष्ठांना आहे. आपल्या ज्ञातीत आज अनेक बंधू-भगिनी अधिकारपदावर आहेत; कोणी बँकेत व्यवस्थापक, कोणी खात्यात उपसचिव, कोणी स्वतःच्या कंपनीचे मालक. कारकुनाने उठावे असे आपण कितीही सांगितले, तरी साहेबाची नजर त्याला खाली बसविते. म्हणून आधी साहेबाने उठावे. तासाभराहून लांब चालणाऱ्या सभेत मधे दोन मिनिटे सर्वांना उभे करावे. ‘जागेवर नाही’ हा आरोप आपल्या तोंडून व शेऱ्यांतून काढून टाकावा आणि काम झाले की नाही एवढेच विचारावे. आरंभ दूर कशाला, आपल्या संस्थेपासूनच करू या. कार्यकारी मंडळाच्या सभा तीन तीन तास चालतात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत मधोमध ‘उभे राहणे’ असा एक विषय घालावा, अशी माझी चिटणिसांना सूचना आहे. त्यावर मतभेद होण्याचा संभव कमी आहे.

ज्या सहकाऱ्यांविषयी मी आरंभी बोललो त्यांच्या अर्जाचा कागद आता कोठे असेल, मला माहीत नाही. बहुधा मुदत संपल्यावर इतर कागदांबरोबर तो नष्ट झाला असेल. पण तसा अर्ज आपल्यापैकी कोणाच्या तरी मेजावर उद्या येईल. कदाचित लेखी येणार नाही. मान चोळणाऱ्या, कंबर धरून उठणाऱ्या, जेवतानाही पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या रूपाने येईल. त्यावर ‘चर्चा करावी’ असे लिहू नका. ‘मंजूर’ म्हणा, आणि त्याच्याबरोबर आपणही उठून चार पावले चाला.